हिवाळ्यासाठी बंद केलेला डबा

१५ नोव्हेंबर १९९९, सोमवार

आलो एकदाचा! सावली गावाच्या पुढे एसटी नव्हती, म्हणून धानाच्या पेंढ्या नेणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून आलो. शर्टात अजून कुसं टोचताहेत, पण मन खूश आहे. मत्स्यबीज केंद्राचा भांडारपाल! वर्ध्याला गोदाम रात्रभर उघडं राहिलं आणि नोकरी गेली. त्यानंतर आठ महिने घरी बसून आईचा चेहरा बघत काढले. इथे ते कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक होण्याचं कारणही नाही.

खोली लहान पण स्वच्छ. खिडकीतून तलाव, त्याच्या बांधावरची, इथल्या भाषेत पाळीवरची, मोहाची झाडं आणि पलीकडे धानाची खळी दिसतात. मालक भैयाजी चंद्रपूरला असतात. पावसाळ्यात तलावांमध्ये मासोळ्यांची बोटाएवढी पिल्लं, बोटुकली, सोडून झाली की केंद्र जूनपर्यंत शांत. तोवर इथे आम्ही दोघंच, मी आणि मुखरूभाऊ. मुखरूभाऊ गावातला मासेमार, साठीचा, जन्मापासून बहिरा आणि मुका. संध्याकाळी त्याने मरळ रांधली होती. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा तो इतका हसला की मलाही हसू आलं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं काम मिळालं. डबा हिवाळ्यासाठी बंद करायचा.

डबा म्हणजे जीपमागे ओढायचा छोटा ट्रेलर. पांढऱ्या पत्र्याचा, आत दोन बाकं, त्यांच्याखाली सामानाचे लांब कप्पे, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, एक मोरी. हंगामात केंद्राची माणसं धानोऱ्यापासून पोंभुर्ण्यापर्यंत तलावातलावावर याच्यातच मुक्काम करतात. मला तो फार आवडला. चाकांवरचं घरच की!

भैयाजींनी कागदावर सगळं लिहून ठेवलं आहे. खळ्यांवर धान आलं की उंदीर माजतात, आणि धुक्याच्या ओलीने पत्रा सडतो. गेल्या वर्षी गाद्या कुरतडल्या गेल्या, तेव्हाचा भांडारपाल घरी गेला. माझे पहिले तीन महिने परीक्षेचे आहेत.

आज टाकी रिकामी केली. नळीत राहिलेलं पाणी तोंडाने फुंकून काढलं, एक थेंब ठेवला नाही. मुखरूभाऊने शेगडी राखेने घासली. सिलिंडर काढून भांडारात ठेवला.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. आणि असं झालं की भैयाजीसुद्धा वाहवा म्हणाले.

जॅक लावून डबा विटांवर चढवला, चाकं काढली, आसाला ग्रीस लावलं. लंगूर काचा फोडतात म्हणून खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकल्या. एकेक फट शोधून चिंध्यांचे बोळे कोंबले, वर डांबर. गाद्यांमध्ये डांबरगोळ्या. दुपारी मुखरूभाऊला बाकाखालच्या कप्प्यात कडुनिंबाचा पाला पसरायला पाठवलं आणि तेवढ्यात भैयाजींची जीप आली. त्यांना सगळं केंद्र फिरून दाखवलं, चहा झाला. मग त्यांना लगेच निघायचं होतं. म्हणून घाईने दार लावलं, कुलूप घातलं, त्यांच्यासमोरच ताडपत्री ओढून दोर आवळला. त्यांनी दोर ओढून पाहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

आईला पत्र लिहिलं. मुखरूभाऊ मात्र न सांगताच घरी निघून गेला. जेवण मीच केलं.

२० नोव्हेंबर, शनिवार

मुखरूभाऊ आला नाही. गावात धान कापणी चालू आहे, तिकडे गेला असेल. सांगून जायला काय होतं?

सकाळी दहाच्या सुमारास केंद्राच्या मागच्या टोकाला गेलो तर डब्यातून आवाज आला. पत्र्यावर ठोकल्यासारखा. जवळ गेलो तर थांबला, मग पुन्हा. उदमांजर अडकलं असणार, ही जनावरं कुठूनही घुसतात. काठीने पत्रा जोरात बडवला. आत नुसता धिंगाणा झाला. आता गाद्या फाडून टाकेल, भैयाजी काय म्हणतील? पण दार उघडलं तर ताडपत्री, दोर, सगळं पुन्हा. आणि जनावर अंगावर आलं तर?

युक्ती सुचली. घमेल्यात निखारे घेतले, त्यावर सुक्या मिरच्या आणि कडुनिंबाचा पाला टाकला, घमेलं डब्याखाली सरकवलं आणि मोरीच्या भोकाचा बोळा काढला. सगळा धूर आत गेला. अर्धा तास दिला. मग बोळा परत बसवला.

आत खोकल्यासारखं काहीतरी बराच वेळ चाललं होतं. उदमांजर खोकतं हे मला माहीत नव्हतं.

२१ नोव्हेंबर, रविवार

जनावर चिवट आहे. मेलं नाही. पण ठोकणं मंदावलं. दोनदा लागोपाठ, जरा थांबून एकदा. दिवसभर तेवढंच. मी भांडारातल्या जाळ्या मोजत बसलो. एकदा मीही गंमत म्हणून काठीने तसंच ठोकलं. आत काही क्षण एकदम सामसूम झाली, आणि मग इतक्या घाईने ठोकणं सुरू झालं की मी मागे सरलो.

२२ नोव्हेंबर, सोमवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

सकाळी एक बाई फाटकाशी आली. मुखरूभाऊची बायको, मनकर्णाबाई. कामाच्या दिवसांत तो इथेच झोपतो, म्हणून तीन दिवस तिने वाट पाहिली होती. आज त्याच्यासाठी भाकरी बांधून आणली होती. मी म्हणालो, तो तर शुक्रवारीच घरी गेला.

ती म्हणाली, "घरी नाई आला, बाबू. त्याले बोलता येत नाई, आयकू येत नाई. कुठी पडला असन त हाक बी नाई मारू शकत."

मग तिने विचारलं, कुठे ठोकल्याचा आवाज आला होता का. घरात त्याला काही हवं असलं की तो असंच बोलावतो. तिने फाटकाच्या लोखंडावर बोटं वाजवून दाखवली. दोनदा लागोपाठ. जरा थांबून एकदा.

मी नाही म्हणालो.

ती भाकरी माझ्याकडे देऊन गेली. मी धावत डब्याशी गेलो. दोर सोडायला हात लावला, आणि ताडपत्रीखालून, अगदी माझ्या हाताखाली, ठक ठक, ठक. पाला पसरायला मीच त्याला कप्प्यात पाठवलं होतं. तिथेच त्याचा डोळा लागला असेल. कुलूप मी घातलं. धूर मी दिला. बाहेर आला तर तो हातांनी सगळं सांगेल, आणि त्याचे हात गावात सगळ्यांना वाचता येतात.

उद्या उघडतो. आज डोकं ठिकाणावर नाही.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

उघडलं नाही.

गावातली तीसेक माणसं आली. मुखरूभाऊ तलावात बुडाला, असं त्यांनी ठरवलं आहे. जाळं टाकायचं होतं. डबा केंद्राच्या मागच्या टोकाला आहे, तरी मी पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन चालू केलं. केंद्रातल्या टाक्यांचं पाणी बदलायचं आहे, असं सांगितलं. दिवसभर इंजिनाची भडभड. मग मीही पाळीवर गेलो आणि त्यांच्याबरोबर जाळ्याचा दोर ओढला. दर खेपेला जाळं वर आलं की मनकर्णाबाई डोळे मिटायची. मीही मिटायचो.

एका म्हाताऱ्याने मला पाणी दिलं. शहरचा असून आपल्यासाठी राबतो, असं तो दुसऱ्याला म्हणाला.

२४ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा जाळं. पुन्हा इंजिन. दुपारी डिझेल संपलं. लोक जेवायला गेले होते, तेवढं बरं.

अजून ठोकतो. फार हळू. मी अगदी जवळ उभा होतो. किल्ली हातात होती. पाण्याचा तांब्याही नेला होता. तो तसाच परत आणला.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

थांबलं. काल दुपारपासून काही नाही.

रडलो. मग जेवलो. खरं लिहायचं तर पोटभर जेवलो.

२९ नोव्हेंबर, सोमवार

शोध बंद झाला. तलावात नाही म्हणजे वैनगंगा नदीत वाहून गेला असेल, असं म्हणतात. मनकर्णाबाई पाळीवर बसून असते. डब्याला फक्त वास येऊ नये. भोकं तर सगळी बुजवली आहेत. चांगली बुजवली आहेत.

१ डिसेंबर, बुधवार

भर दुपारी, ऊन लख्ख असताना —

दोनदा. मग एकदा.

तेरावा दिवस आहे. आत पाण्याचा थेंब नाही. माणूस तेरा दिवस कसा —

२ डिसेंबर

मंद नाही. पहिल्या दिवसासारखं जोरात. पत्रा हलतो. बाहेरून दिसतो हलताना. जिवंत असेल तर उघडायला हवं. नसेल तर —

किल्ली विहिरीत टाकली.

४ डिसेंबर

इंजिनाला नवीन डिझेल आणलं. उपयोग नाही. त्याच्या आवाजावरही ऐकू येतं. भैयाजींना तार करून रजा मागायला सावलीला गेलो. पोस्टात काउंटरवर उभा होतो, आणि काउंटरच्या लाकडातून — तार न करताच परत आलो.

५ डिसेंबर, रविवार

मनकर्णाबाईला ऐकू गेलं. पहाटेपासून डब्याशी बसली आहे. दगडाने पत्र्यावर उत्तर देते. आतून ठक ठक, ठक. बाहेरून ठक ठक, ठक.

मी तिला हटकलं. ती म्हणाली, "माया मानूस हाये. मले बलावून राह्यला."

ती गावात गेली नाही. गाव आलं. कुदळी, पहार. मी खोलीत आहे. कडी लावली आहे. खिडकीतून दिसतं तेवढं लिहितो.

दोर कापला. ताडपत्री ओढली. आतून ठोकणं चालूच आहे, सगळे ऐकताहेत. कुणी तरी ओरडलं की घाई करा, जित्ता हाये.

कुलूप तुटलं.

दार उघडलं आणि पुढची माणसं तोंडावर धोतर धरून मागे आली. कितीतरी दिवसांचा मेलेला. त्यांच्या तोंडावरूनच कळतं. मनकर्णाबाई एकटी आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली. रडत नाही.

ती इकडे येते आहे. सगळे तिच्या मागे.

ती खिडकीशी आली. गजांतून माझ्याकडे पाहिलं. एवढंच विचारलं, "तुले आयकू येत होतं ना?"

ती पुढे दाराकडे गेली. बाहेरून कडी घातली. कुणीतरी कुलूप मागितलं. पोलीस येईस्तोवर आत राहू द्या, असं बोलताहेत. सगळे बाहेर आहेत. मी मोजले. एकही माणूस कमी नाही. आत मी एकटा —

खाटेखालून.

लाकडावर. दोनदा.

चादरीची कड आत ओढली जाते आहे. खाली वाकून बघणार नाही. मी बाहेर ओरडलो, दार उघडा, कुणीतरी दार — ते सगळे तिथेच उभे आहेत, ऐकताहेत, आणि कुणीही —