माझ्या वाट्याचं पूजेचं वर्ष आणि बापाची वाकळ

मी, गोपाल जानराव गुरव, वय चोवीस, शिक्षण नववी नापास, मूळ राहणार मौजे बेलदरी, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा, हल्ली पवनचक्कीच्या कामावर कच्छमध्ये, हे मृत्युपत्र कोणी भरीस घातलं म्हणून नाही तर स्वतःच्या रागाने, पण पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शुद्धीचा पुरावा पाहिजे तर कॅम्पच्या डॉक्टरला विचारावं. टॉवरवर चढायच्या आधी तो रोज तपासतो. डोकं फिरलेल्या माणसाला वर सोडत नाहीत.

मरायची घाई नाही. पण मागच्या आठवड्यात माझे सख्खे काका रंगराव यांचा फोन आला. म्हणाले, "हक्कसोडीचा कागद पाठवला, सही करून धाड. नाही केली तरी काय? देव न करो, पण तू वरून पडलास त् पूजा माह्याकडंच येते." देव न करो म्हणताना ते सुपारी चावत होते, ते मला फोनवर ऐकू येत होतं. म्हणून हे लिहिणं.

१. घर. दोन खोल्या आणि पुढचं टिनाचं छप्पर. हे सगळं माझी आई पुष्पाबाई हिचं. ती आहे तोवर तिला कोणी उठ म्हणू नये. तिच्यामागे माझी बहीण मयुरी हिचं. आमच्या आणि काकांच्या घरामधल्या भिंतीत काकांनी जो दरवाजा पाडला आहे तो माझ्या खर्चाने विटा लावून बुजवावा.

२. बँकेतली शिल्लक आणि कंपनीकडून जे काही मिळेल ते आईला. मोटरसायकल मयुरीला. पोरीनं गाडी चालवली तर गावाच्या पोटात दुखेल, दुखू द्यावं. सेफ्टी बेल्ट कंपनीचा आहे, तो परत करावा.

३. देवाच्या इनामाचं वावर मी कोणाला देत नाही, कारण ते माझं नाही, महादेवाचं आहे. ही गोष्ट काकांनाही कोणीतरी वाचून दाखवावी.

४. आता मुख्य गोष्ट. बेलदरीच्या महादेवाची पूजा आमच्या घरात वर्षाआड असते. एक वर्ष माझ्या बापाचं, एक वर्ष काकांचं. आजोबांनी अशीच वाटणी केली. बाप गेल्यावर त्याचं वर्ष माझं झालं. पण काका आपल्या वर्षी बसतात आणि माझ्याही वर्षी बसतात. "तू गावात असतं कुठं बे? जालना झालं, चाकण झालं, आता गुजरात. तुह्या पायाले भोवरा हाय," असं म्हणतात. भोवरा आहे. तो कोणी थांबू दिला नाही ते लिहितो.

चार वर्षांपूर्वीची महाशिवरात्र बापाच्या वर्षात आली होती. मी जालन्याहून जीप बदलत दुपारी पोचलो. देवळापुढे बायाबापड्यांची रांग, हातात बेल, दुधाचे गडवे. गाभाऱ्यात काका बसलेले. मी विचारलं, बाबा कुठं? काका म्हणाले, "रातभर खोकलला तो. आता कुठं डोळा लागला. उठवू नको त्याले. हे ताट धर अन् लायनीत फिरव."

मी ताट फिरवलं. लोक विचारायचे, "काऊन गोपाल, जानराव दिसत नाही?" मी सांगायचो, झोपले आहेत.

पिंडीवरचा नैवेद्य गावात दुसरं कोणी खात नाही, तो गुरवाच्या घरी येतो. मी टोपली घेऊन घरी गेलो. बाप वाकळ पांघरून भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई कोपऱ्यात, तोंडात पदराचा बोळा. मी म्हणालो, "आई, अशी काऊन बसली?" तिने बोळा काढला आणि म्हणाली, "डोकं दुखून राह्यलं. जाय, तू देवाचं पाहाय." मला भूक होती. बापाच्या उशाशी बसून मी एक रताळं खाल्लं. हळूहळू खाल्लं, त्याची झोप मोडू नये म्हणून.

बाप पहाटेच गेला होता.

संध्याकाळी रांग संपली, देवळाचं दार लोटलं, तेव्हा काका आमच्या अंगणात आले आणि आईला म्हणाले, "आता रडा."

पहाटे ते काय बोलले होते ते आईनेच मला नंतर सांगितलं. "वहिनी, सांजीपर्यंत आवाज काढू नका. आज सुतक लागलं त् आपल्याले गाभारा बंद. लोकं दुसऱ्या गावचा गुरव आणून बसवतीन. अन् एक डाव बसलेला उठत नाही." काकांचं हे शेवटचं वाक्य खरं निघालं. त्या दिवशी जे बसले ते आजवर उठले नाहीत. दुसऱ्या गावचा आणायची गरजच पडली नाही.

सबब, माझ्या वाट्याचं पूजेचं वर्ष मी माझी बहीण मयुरी हिला देतो. काका पत्त्यांच्या डावावर बसतात तेव्हा सकाळची पूजा आताही तीच करते, हे सगळ्या आळीला माहीत आहे. पोरगी उद्या परक्याच्या घरी जाईल असं काका म्हणतील. जाईल तर जाईल. आपल्या वर्षी तिने यावं, नाहीतर तिच्या मनाचा माणूस बसवावा. चिखलीच्या वकिलांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, बहीण घरचीच आहे, लिहून ठेव, भांडायला आधार होतो. बापाचा शंखही तिलाच.

५. काका रंगराव यांना मी रिकाम्या हाताने पाठवत नाही. बापावर त्या दिवशी जी वाकळ पांघरली होती ती आईने धुऊन ट्रंकेत ठेवली आहे. ती त्यांना द्यावी. थंडीत पांघरावी. ऊब चांगली आहे.

६. माझ्या मरणाबाबत. बातमी येईल त्या घटकेला सुतक धरावं. शिवरात्र असो, श्रावणी सोमवार असो, देवळाला कुलूप लावावं आणि दुसऱ्या गावचा गुरव बोलवायचा तर खुशाल बोलवावा. नाही मिळाला तरी पिंडीवर टांगलेल्या गळतीच्या भांड्यातून पाणी ठिबकतच असतं, देव तेवढ्यावर भागवेल.

आणि माझ्या आईला रडू द्यावं. पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. तिच्याजवळ जाऊन हळू म्हणणारा माणूस, मग तो कोणीही असो, त्याने माझ्या मातीला येऊ नये. तिचं पहिलंही रडणं राहिलेलं आहे. दोन्ही एकदमच होऊ द्यावीत.

हा मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. गोविंदा आधी हसत होता, "लग्नाची पत्रिका लिहायच्या वयात हे काय लिहून राह्यला बे!" चौथं कलम ऐकल्यावर त्याने गुपचूप पेन मागितला. हक्कसोडीचा कागद सही न करता काकांकडे परत पाठवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या अक्षरात, माझ्या हाताने.

लिहून देणार: गोपाल जानराव गुरव (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. गोविंदा तुकाराम खरात, राहणार डोणगाव, तालुका मेहकर (सही)
२. माणिकराव सखाराम डोंगरे, क्रेनचालक, राहणार जानेफळ, तालुका मेहकर (सही)

ठिकाण: कामगार कॅम्प, तालुका नखत्राणा, जिल्हा कच्छ
तारीख: १८ जानेवारी २०२६, रविवार. येती शिवरात्र माझ्या वर्षातली आहे. रजा मंजूर झाली आहे, मी जातो आहे.