उखळावरची लादी

२८ मार्च १९९३
घर फोडायला आज मुहूर्त लागला. कंत्राटदार हितेश आला. आमच्याच पनवेलच्या कोळीवाड्यातला, खाडीत नागडा डुंबताना पाहिलाय मी त्याला. आता डोळ्यांवर काळा चष्मा! हातात कागद. कागदावर म्हणे माझं स्वयंपाकघर. मी विचारलं, यात चूल कुठं? "आजी, चूल गेली. आता उभा ओटा." चाळीस वर्षं बाजारात बसून मासळी विकली, आता घरात उभी राहणार. बढतीच म्हणायची!
विठूला – माझ्या लेकाला – सगळं पसंत. बंदरावर नोकरी लागल्यापासून त्याला चकचकीत तेवढंच दिसतं.
मी एकच सांगितलं. स्वयंपाकघरात जमिनीत पुरलेलं उखळ आहे, त्याला हात लावायचा नाही. नातीचं, रोशनीचं लग्न नऊ मेला. हळद तिथंच कांडायची. या घरातल्या सगळ्या लग्नांची तिथंच कांडली. माझ्याही. नवरा सोडला तर त्यात काही वाईट निघालं नाही.
"टेन्शन घेऊ नको आजी. उखळ सोडून लादी लावतो." असं म्हणाला. लिहून ठेवते.

३० मार्च
खिळा आमच्या भिंतीत मारला, देव शेजारच्या भामाच्या घरात पडला. भामा भांडायला आली. तिला चहा दिला. चहातही सिमेंट. निम्मा पिऊन गेली, उरलेलं भांडण उद्या.

३ एप्रिल
लादी बसवायला गवंडी आला. काळूराम, जासईचा. आमच्या ह्यांच्या ओळखीतला, म्हणून मला वयनी म्हणतो. एक लादी ठेवतो, ठोकतो, उचलतो, परत ठेवतो, मग तिच्याकडं बघत बसतो – पोरगी बघायला आल्यासारखा! तोंडात तंबाखूचा बार, म्हणून बोलणं नाही. या चालीनं रोशनीच्या नातवाच्या लग्नाला जमीन होईल.
दिवसभरात एकदाच बोलला. "वयनी, हलद कंदी?" म्हटलं, आठ मेला. तुला जेवायला बोलावणार नाही, काम कर.

८ एप्रिल
मोऱ्याला बहिणीकडं दोन दिवस राहून आले. दोनच दिवस! दारातून बघते तर जमीन आरशासारखी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लादीच लादी.
उखळ कुठाय?
विठू चपलेकडं बघायला लागला. कुमुदला – म्हणजे सूनबाईला – एकदम गॅसवरचं दूध आठवलं. गॅसवर दूध नव्हतं.
हितेश म्हणाला, "आजी, भरून टाकलं. काळूरामला सांगून सिमेंट ओतलं. मध्येच खड्डा ठेवला तर लोक हसतील." विठूनं सांगितलं म्हणे. मी मोऱ्याला गेल्यावर.
"आये, मिक्सर हाय ना आता," विठू म्हणाला.
मी म्हटलं, मग नवरीही मिक्सरमधनंच काढ.
जेवले नाही. भूक होती. तरी जेवले नाही.

९ एप्रिल
लादी फोडा म्हटलं. "फोडली तर त्या रंगाची दुसरी नाय मिलनार, आये." म्हणजे उखळ मेलं तरी चालेल, रंग मरायला नको. शिवाय आत सिमेंट दगड झालेलं. फोडून काय, मढंच निघणार.
आणि गंमत बघा! नेमकी उखळावरचीच लादी हालते. पाय ठेवला की डुग् डुग्. म्हणजे उखळ मारलं ते मारलं, वर धड पुरलंही नाही! सिमेंटची पिशवी नक्की जासईला गेली असणार.

१३ एप्रिल
काळूराम ओट्याच्या कामाला आला होता. त्याला लादीवर उभं केलं. डुग् डुग्. हे काय?
"र्‍हाऊ दे वयनी. हलदीच्या दिवशी येऊन बसवतो."
कारागिराचं उद्या ऐकलं होतं, आता हळदीचा दिवस! म्हटलं, पंगतीत बसून बसवणार का? का नवरीच्या अंगाला सिमेंट लावणार? खाली बघून तंबाखू मळत बसला.

१५ एप्रिल
परत सांगितलं. परत तेच. "हलदीपर्यंत दम धर, वयनी. तिला हात लावू नको." माझ्या घरात मला सांगतो, हात लावू नको!

१७ एप्रिल
आज बाजारातला आवाज काढला. हितेश, विठू, भामा, रस्त्यावरचे चार, सगळ्यांसमोर. चोर म्हटलं त्याला. माझं उखळ मारलंस आणि सिमेंट खाल्लंस म्हटलं. हितेशला सांगितलं, हा माणूस परत या उंबऱ्यात दिसला तर कोळीवाड्यात तुला एक काम मिळू देणार नाही. हितेशनं तिथंच त्याला काढला.
काळूरामनं थापी धुतली, पिशवीत घातली. वाटलं उलटून बोलेल. मी तयारच होते. जाताना फक्त त्या लादीकडं बघितलं.
जेवण गोड लागलं.

१८ एप्रिल
हळद भामाच्या उखळात कांडायची ठरली. आता जन्मभर ऐकवेल!

२६ एप्रिल
नवा गवंडी आला. हालती लादी सुरीनं उचकटली. खाली वाळू. वाळूखाली गोणपाट. गोणपाटाखाली फळी. फळी काढली – उखळ. धुतलेलं, पुसलेलं, सिमेंटचा कण नाही. तळाशी एक हळकुंड ठेवलेलं.
मला का नाही सांगितलंन? कसं सांगणार! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पनवेलभर झालं असतं आणि हितेशनं त्याच दिवशी सिमेंट ओतलं असतं.
उद्या पहिल्या एस.टी.नं जासई. हळदीचं पहिलं बोलावणं तिथं. काय बोलायचं ते सुचत नाही. मला!
लादी परत तशीच ठेवून घेतली. हालते. हालू दे.