खालचा, डावीकडचा, शेवटून दुसरा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. माझी निदानं कुठेतरी नोंदली जायला हवीत. पेशंटने तोंड उघडायच्या आत मला दात कळलेला असतो, पण हे ऐकून घ्यायला घरात कुणी नाही. संकल्प: रोज एक निदान, दोन ओळींत.
काल सासरेबुवा राहायला आले. त्यांच्या घराची गच्ची गळते, दुरुस्तीला महिना लागेल. म्हणजे दोन. मोजणी खात्यातून निवृत्त. माणूस सज्जन, पण साधं "कसे आहात" विचारलं तरी सन आणि महिन्यासकट उत्तर देतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
जेवताना सासरेबुवा म्हणाले, खाली डावीकडे जबडा दुखतो. मी घास हातात तसाच ठेवून मोबाइलचा टॉर्च मारला. "खालचा, डावीकडचा, शेवटून दुसरा. रूट कॅनाल." वेळ: चार सेकंद. ते "तसं नव्हे जावईबापू, त्याचं काय होतं..." असं सुरू करणार होते. म्हटलं, बाबा, दात स्वतःच बोलतो, तुम्ही त्रास घेऊ नका. ही एकटक माझ्याकडे बघत होती. शेजारीणबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्याही. कौतुकानेच असावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
घर तळमजल्यावर, क्लिनिक तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. सासरेबुवा वर पोचले तेव्हा गाल धरून होते. दहा मिनिटं बाहेर बसवलं. खुर्चीत आले तेव्हा दुखणं गायब! काही जणांना नुसत्या माझ्या क्लिनिकच्या हवेने बरं वाटतं.
दातावर ठोकून पाहिलं, दुखलं नाही. थंड लावलं, इतर दातांइतकंच झोंबलं. एक्स-रे स्वच्छ. काही दात फार आतल्या गाठीचे असतात. रूट कॅनाल सुरू केली.
रिसेप्शनवरच्या बाई (सोळा वर्षं आहेत, त्यामुळे स्वतःला डॉक्टर समजतात) म्हणाल्या, केस पेपरवर 'कधीपासून', 'कशाने वाढतं', 'कशाने थांबतं' हे रकाने कोरे राहिलेत. म्हटलं, राहू द्या, कागद स्वच्छ दिसतो.

१० फेब्रुवारी, सोमवार.
रूट कॅनाल पूर्ण. अप्रतिम झाली. फोटो काढून ठेवला.
सायं. ५: सासरेबुवा भाजी घेऊन आले. गाल धरून. म्हटलं, ट्रीटमेंटनंतर थोडं राहतंच. ही म्हणाली, "थोडं म्हणजे किती?" बायका फार खोलात जातात.

११ फेब्रुवारी. दुखतं.

१२ फेब्रुवारी. दुखतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
आज सासरेबुवा काही बोललेच नाहीत. नुसता गालावर हात. हे जास्त वाईट. घरात तीन खोल्या, आणि तिन्हींतून तो गाल दिसतो. सुटका म्हणून क्लिनिकला तासभर आधी गेलो. मागोमाग तेही आले. "घरी करमत नाही, बसतो जरा." बाईंनी त्यांना पेपर दिला. दार उघडलं की समोर गाल.
दुसरं काही असेल असं आता म्हणायची सोय नाही. निदान भर पंगतीत झालंय, शेजारीणबाईंसमोर.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
सासरेबुवांनी एक कागद दिला. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, ठिकाण, काय करत होतो, किती मिनिटं. वर शीर्षक: 'जबडा'. म्हटलं, वाचतो हं निवांत. केस पेपरला पिन मारून ठेवला. वाचला नाही. पेशंटच्या मतांनी निदान गढूळ होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
निर्णय: दात काढायचा. दातच नसेल तर दुखेल काय? तर्क बिनतोड.
काढला. घाम फुटला, इतका घट्ट. मुळं बघायला गेलो तर स्वच्छ. निरोगी दिसणं ही दातांची जुनी लबाडी.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
दुखतं. जिथे दात नाही तिथे.
सासरेबुवांनी माझी माफी मागितली. "तुमचे कष्ट वाया चाललेत, जावईबापू." मी मोठ्या मनाने म्हटलं, चालायचंच.
आता लक्षात येतंय की दोषी शेजारचा होता. अगदी शेवटचा. मला पहिल्यापासून त्याचाच संशय होता. (४ तारखेची नोंद काढून पाहिली. तसं लिहिलेलं नाही. टॉर्च अंधूक होता.)

२२ फेब्रुवारी, शनिवार.
शेवटचाही काढला.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
दुखतं. सासरेबुवा एका बाजूने चावतात आणि मला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवतात.
हिने विचारलं, "अहो, तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का, नेमकं कधी दुखतं?" म्हटलं, दात बघायचा असतो, त्याची मुलाखत घ्यायची नसते. तेव्हापासून ही माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलते. बाईही "बरं डॉक्टर" असं म्हणतात की त्यातलं 'डॉक्टर' सैल वाटतं. मागे फिरलो तर दोन दातांचा हिशेब द्यावा लागेल. म्हणजे पुढेच जायला हवं.
उद्या सकाळी तिसरा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
साडेदहाला बोलावलं होतं. पावणेअकरा झाले तरी पत्ता नाही. मी सुई भरून बसलेला. मग जिन्यातून बाईंची हाक. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सासरेबुवा पायरीवर बसलेले, शर्ट घामाने चिंब, गाल धरलेला. मला वाटलं, घाबरले. म्हटलं, बाबा, भूल देतो, काही कळणारसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, भूल राहू द्या. गाडी काढा."
हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई. सासरेबुवांच्या छातीला वायरी लावल्या, औषध दिलं, मग माझ्याकडे वळल्या. तुम्ही डॉक्टर आणि जावई, तुम्हीच नीट सांगा. कधीपासून? कशाने वाढतं? कशाने थांबतं?
मी म्हटलं, "खालचा, डावीकडचा..." तीन आठवडे मी त्या माणसाच्या तोंडात होतो.
बाईंनी पर्समधून केस पेपर काढला. तो कागद पिनेसकट. डॉक्टरीणबाईंनी उभ्यानेच मोठ्याने वाचला. जिना, दुसरा मजला, चार मिनिटं, बसल्यावर थांबलं. भाजीची पिशवी, चढाचा रस्ता, सहा मिनिटं, उभं राहिल्यावर थांबलं. चावताना: नाही. गार पाणी पिताना: नाही. निजताना: नाही.
"हे हृदयाचं दुखणं आहे. कधीकधी जबड्यात जाणवतं," त्या म्हणाल्या. चांगल्या सुरात म्हणाल्या.
मला ते माहीत होतं. आम्हाला परीक्षेत आलं होतं. मी फार छान लिहिलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. काल मोकळ्या केल्या. धोका टळला. आत एका वेळी एकालाच सोडतात. ही गेली, बाई गेल्या, शेजारीणबाईसुद्धा जाऊन आल्या. मी बाहेरच्या बाकावर. दर दोन मिनिटांनी उठत होतो. बाक टणक असावा.

८ मार्च, शनिवार.
सासरेबुवा घरी आले. जबडा दुखत नाही. एकदाही नाही.
हिला समजावलं की मी ते दोन दात काढले नसते तर दातांवरचा संशय फिटलाच नसता. सांगायला नको होतं.

२० मार्च, गुरुवार.
सासरेबुवांना चावायला त्रास होतो. हिने परस्पर दुसऱ्या डेंटिस्टबाईंची वेळ घेतली. आज फक्त तपासणी, बाकी काम हृदयवाल्यांनी परवानगी दिल्यावर. म्हटलं, गाडी मी चालवतो. तेवढं मला देण्यात आलं.
रिसेप्शनवर सांगितलं, नातेवाइकांनी बाहेर बसावं. बसलो. दार पुरतं लागत नव्हतं.
त्या एकेक विचारत होत्या. कधीपासून, मग काय झालं, मग? सासरेबुवा सन आणि महिन्यासकट सांगत होते आणि त्या मध्ये बोलत नव्हत्या. पस्तीस मिनिटं. सासूबाई गेल्या त्या वर्षापासूनच जिना चढताना जबडा भरून यायचा म्हणे. मुलीला काळजी नको म्हणून बोलले नाहीत. माझ्याकडे बोलले ते, जावई आपलाच आहे, नीट ऐकून घेईल म्हणून.
मग डेंटिस्टबाईंनी विचारलं, हे दोन दात कुणी काढले?
मी मासिकाचं पान उलटायचं थांबवलं.
"होते एक ओळखीचे," सासरेबुवा म्हणाले. "स्वभावाने फार चांगले."