दोनशे पानी वही आणि आठ ड्रम

१ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मुद्दाम दोनशे पानी वही आणली. चळवळीचा इतिहास लिहायचा म्हणजे एवढी पानं लागणारच. कमीच पडतील अशी शंका आहे.

चळवळ अशी: आमच्या बिल्डिंगमधून रोज आठ ड्रम कचरा निघतो. तो निम्म्यावर आणायचा. जुन्यातून नवं करायचं, आपल्याला नको ते दुसऱ्याला द्यायचं. जिन्याखालची सायकलची खोली सेक्रेटरींनी महिनाभर ट्रायलवर दिली. अठ्ठावीस तारखेला ड्रम मोजणार. कमी झाले तर खोली कायमची, नाहीतर पुन्हा सायकली. जमतंय का बघा बुवा, म्हणाले. मला रिटायर होऊन आठ महिने झाले, तरी माणसांना अजून माझी कल्पना आलेली नाही.

दारावर पाटी लावली. पुनर्वापर केंद्र. त्याखाली संचालक. त्याखाली माझं नाव, जरा मोठ्या अक्षरात.

सौ.ला सांगितलं. बरं, म्हणाली आणि शिवणाच्या मशीनवर बसली. दिवसभर हिची ती खडखड. कुणाची चेन, कुणाची पिशवी, कुणाची छत्री. सगळी फुकटची खुडबूड. माझा विचार तुटतो.

३ फेब्रुवारी
टायरचं स्टूल केलं. व्हिडिओत सात मिनिटांत होतं. मला दोन दिवस लागले. त्यांचं टायर सोपं असणार.

४ फेब्रुवारी
सेक्रेटरी स्टुलावर बसले. आत गेले. दोघांनी ओढून बाहेर काढलं. टायर किती दणकट आहे हे मात्र सगळ्यांसमोर सिद्ध झालं. स्टूल सध्या ड्रममध्ये.

६ फेब्रुवारी
रिकाम्या बाटल्यांचं झुंबर. दहा मिनिटं फारच सुंदर दिसलं. आज ड्रम नऊ. त्यातला एक माझा, पण प्रयोगाचा कचरा हिशेबात धरत नाहीत.

८ फेब्रुवारी
केंद्रात शेल्फ लावलं. 'ठेवा आणि न्या'. लोक ठेवतात. नेत कुणी नाही. आजची आवक: एका दांडीचा चष्मा, झाकण नसलेले सात डबे आणि डबे नसलेली अकरा झाकणं. दुपारभर लावून पाहिली. एकही बसेना!

९ फेब्रुवारी
सौ. चार दिवस बहिणीकडे. मशीन बंद. घरात काय शांतता! पहिल्यांदाच नीट विचार करता आला, आणि तो मशीनकडे बघताबघताच आला. केंद्राला एक देखणी वस्तू हवी. जुन्या मशीनच्या लोखंडी स्टँडवर फळी टाकून टेबल करतात, मोठ्या हॉटेलांत असतं. हिला सरप्राइज. वाकून वाकून हिची पाठ दुखते, तेवढाच आराम.

१० फेब्रुवारी, दुपारी ४
झालं! वरचं मशीन सोडवलं. चार स्क्रू, एक तुटला. पट्टा सुटेना, कापला. जुन्या दाराची फळी बसवली. पायडलला सोनेरी ऑइलपेंट, तीन हात. आता पायडल हलत नाही. बरंच झालं, टेबलाने हलू नये. शेजाऱ्यांच्या मदतीने खाली नेलं. ऊर भरून आला.

वरचं मशीन शेल्फवर ठेवलं. मशीनशेजारी कपड्यांचं एक गाठोडं होतं, तेही सोडून मांडलं. जुनेच कपडे दिसत होते.

११ फेब्रुवारी
तुफान प्रतिसाद! दहा वाजेपर्यंत कपडे साफ. तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टना एक राखाडी पँट मिळाली. उंचीला अगदी मापात, फक्त कमरेत सैल. म्हणाले, अशीच एक त्यांच्याकडेही आहे, तीही कमरेत सैल, सौ.कडे आत घ्यायला दिली आहे. काय योगायोग! रजिस्टरमध्ये लिहिलं: समाधानी सदस्य, एक.

मशीनही कुणीतरी नेलं. कुणी नेलं, ते पाहिलं नाही. नेलं हे महत्त्वाचं.

१३ फेब्रुवारी
सौ. आली. डोळे मिटायला लावून खाली नेलं. उघड म्हटलं. फळीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मग वरचं मशीन कुठाय, विचारलं. सर्व्हिसिंगला दिलंय, म्हणालो. अगदीच खोटं नाही. ज्याने नेलं तो तेल तर घालीलच. गाठोडं कुठाय, विचारलं. वाटलं, म्हणालो.

जिना चढताना एक शब्द बोलली नाही. ही रागावली की बोलते. बोलली नाही, म्हणजे रागावलेली नाही.

१६ फेब्रुवारी
मशीन परत आणायचं ठरवलं. बावीस दारं ठोठावली. कुणाकडे नाही. उलट सगळे मलाच विचारतात, वहिनी बऱ्या आहेत ना, मशीनचा आवाज नाही? चौथ्या मजल्यावरच्या आजींनी फाटका गाऊन हातात दिला. मी केंद्राचं माहितीपत्रक दिलं.

सौ.ने विचारलं, सर्व्हिसिंग कुठवर आलं. पार्ट मिळत नाही, म्हणालो.

१९ फेब्रुवारी
ड्रम दहा. सेक्रेटरी सायकलींना हवा भरून घेतायत. मुद्दाम माझ्यासमोर.

पार्ट कंपनीतून निघालाय, असं सौ.ला सांगितलं. मान डोलावली. विश्वास बसलेला दिसतो.

२१ फेब्रुवारी
ड्रम अकरा. कचरा नेणाऱ्या मावशींनी गाडी थांबवली. ताई अजून गावाहून आल्या नाहीत का, विचारलं. म्हणाल्या, हल्ली दोन-तीन ड्रम नुसत्या फाटक्या पिशव्या, उसवलेली कव्हरं, चेन गेलेली दप्तरं, छत्र्या. हे आधी कधी येतच नव्हतं. ताई ते शिवून परत घरोघरी धाडायच्या.

मी म्हटलं, आता केंद्र आहे ना. त्यांनी सोनेरी टेबलाकडे पाहिलं. ह्याच्यावर काय करता, विचारलं. बराच वेळ आठवून पाहिलं. अजून तरी काही नाही, म्हणालो.

आज जेवण गेलं नाही.

२२ फेब्रुवारी
सौ.ला सांगून टाकलं. सर्व्हिसिंग नाही, पार्ट नाही, मशीन हरवलंय.

माहीत आहे, म्हणाली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांकडे आहे. शेल्फवर दिसलं, ताईंचं आहे, चुकून ठेवलं असणार, म्हणून त्यांनी उचलून चादरीखाली जपून ठेवलं. ही आली त्याच संध्याकाळी हिला सांगितलं. कपडेही ज्याचे त्याने ओळखून परत नेले होते. एक डेंटिस्ट सोडून.

मग इतके दिवस गप्प का, मी विचारलं. म्हणाली, तुम्ही खरं कधी बोलता ते बघत होते. मग म्हणाली, ते माझ्या आईचं मशीन. तिचं एकुलतं एक. मी संसाराला लागले तेव्हा स्वतः हाताने शिवत बसली, पण ते मला दिलं. आपल्या लेकीचं पहिलं झबलं त्याच्यावर शिवलं. तुम्हाला त्याचे पायच तेवढे दिसले?

डोळे पुसत आत गेली. मला फार वाईट वाटलं. लाज वाटली. एवढ्या वर्षांत मशीन कुणाचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मोठ्या चळवळीत असे क्षण येतात.

२४ फेब्रुवारी
दोन दिवस पायडल खरवडतोय. तीन हात द्यायला नको होते. इस्त्रीवाल्यांनी मशीन खांद्यावरून आणलं, तुटलेला स्क्रू काढला, नवा पट्टा चढवला. मी बॅटरी धरली. दोनदा चुकीच्या ठिकाणी, असं त्यांचं मत.

सौ.ने पायडल मारलं. खडखड सुरू. या आवाजाने कधी माझ्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं नव्हतं. धूळही होती म्हणा.

मशीन आता खालीच राहणार. फाटकं ड्रममध्ये टाकण्याआधी सगळे इथे आणतात, गेटपर्यंत रांग लागली आहे. आजी पहिल्या. गाऊनवाल्या.

२८ फेब्रुवारी
ड्रम मोजले. पाच! दहा वर्षांत नव्हते इतके कमी. खोली कायमची. टाळ्या झाल्या. मूळ कल्पना माझीच, असं मी म्हणालो, पण टाळ्यांत ऐकू गेलं नसावं. पाटीवर माझ्या नावाच्या जागी सौ.चं नाव आलं. माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

मलाही पद आहे. जुने टाके उसवून द्यायचे. फार जबाबदारीचं. मी उसवल्याशिवाय हिला पुढे जाताच येत नाही. पहिल्याच दिवशी कापड फक्त दोनदा कापलं गेलं.

१ मार्च, सकाळी ८
सौ.ला मापं लिहायला वही हवी. नवी आणतो म्हटलं. नवी कशाला, म्हणाली, तुमची दोनशे पानी आहे ना? नऊच तर पानं भरलीत.

कुठून कळलं, विचारलं नाही. वही दिली. ही मापं सांगणार, मी लिहायची. आजपासून.

डेंटिस्ट. राखाडी पँट, एक. कंबर दोन इंच आत. शिवायला दिलेली दुसरी मागतायत. हीच ती, हे त्यांना मी सांगायचं आहे.