आत एकट्यानंच जायचं असतं

प्रिय माय,

उद्या गुरुवार. उद्या दुपारी मला खामगावला एका खोलीत जाऊन बसायचं आहे, आणि जाऊ की नको हे माझं ठरत नाही. सकाळपासून नुसता घरात येरझारा घालतोय. शेवटी वैशाली वैतागली. "एका जागी बसा नं, माह्यं डोकं गरगरून राह्यलं," म्हणाली. बसलो. बसल्यावर तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगावं ते सुचेना.

तू गेल्यापासून माझ्या छातीत धडधडतं. आधी कधीतरी व्हायचं, म्हणून कोणाला बोललो नाही. मग एक दिवस विजेच्या पोलवर असताना झालं. लाइन बंद केलेली होती, परमिट घेतलेलं होतं, भ्यायचं काही कारणच नव्हतं. तरी हात थरथरायला लागले, श्वास पुरेना. मी पोलला मिठी मारून तसाच राहिलो. खालून गजानन ओरडला, "काऊन बे, झोपला का वर?" कसाबसा उतरलो, तो अजून चढलेलो नाही. साहेबांनी ऑफिसात बसवलंय, तक्रारींचे फोन घ्यायला. कोणाकडची लाइन गेली की लोक मला शिव्या देतात आणि मी "हो भाऊ, पाठवतो माणूस" म्हणतो. असं किती दिवस चालेल? पोलवर न चढणाऱ्याला लाइनमन कोण म्हणेल?

आपल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हृदय ठणठणीत आहे म्हणाले, आणि खामगावच्या एका मॅडमचा नंबर दिला. त्या मनाचं बघतात. मला वाटलं, झालं, आता आपल्याला वेड्यात काढलं. बरेच दिवस तो नंबर खिशात घेऊन फिरलो. फोन केला तोही वैशाली समोर उभी राहिली म्हणून.

तो दवाखाना तुला दवाखाना वाटलाच नसता! ना औषधांचा वास, ना नंबर पुकारणारा कंपाउंडर. एका घराची पुढची खोली, बाहेर चपला काढायच्या, आत समोरासमोर दोन खुर्च्या. मी बीपीसाठी शर्टाची बाही वर करून बसलो होतो. मॅडमनी नाडीला हातही लावला नाही. माझ्या बाहीकडे बघून नुसत्या हसल्या.

त्याआधी दारात गंमत झाली. वैशाली माझ्या मागोमाग आत यायला निघाली. "मी बी येतो मॅडम, याईले काहीच सांगता येत नाही." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा, ताई. तुमचं नंतर ऐकते. आत मात्र त्यांना एकट्यालाच येऊ द्या."

एकट्याला! माय, मी कधी कोणत्या डॉक्टरकडे एकटा गेलोय का ग? तुला आठवतं, मला मिशा फुटल्या, आयटीआय झालं, वीज कंपनीत लागलो, तरी दवाखान्यात तू सोबत यायचीसच. डॉक्टर मला विचारायचे, "काय होतंय?" आणि तू सुरू करायचीस. "याले रातभर झोप नाही डाक्टरसाहेब. जेवण बी अर्धंच. लहानपणापासून नाजूकच हाय माह्यं पोरगं." माझं काम फक्त जीभ बाहेर काढायचं. लग्न झाल्यावर तू हे सगळं वैशालीला शिकवून ठेवलंस. खरं सांगू? बरं वाटायचं मला. आपल्याला काय होतंय ते दुसऱ्याला ठाऊक आहे, मग आपण कशाला शोधायचं?

मॅडमनी आधी सगळं समजावून सांगितलं. इथं बोलाल ते इथंच राहील. कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच बाहेर सांगावं लागेल, तेही शक्यतो तुम्हाला सांगून. गोळ्या मी देत नाही, लागल्या तर त्या डॉक्टरकडे पाठवीन. आठवड्यातून एकदा भेटू. लगेच बरं वाटेल असं नाही, कधी कधी घरी गेल्यावर जास्तच जड वाटतं. "आणि माझ्याशी जमत नाहीये असं वाटलं तर तसं सांगा, मला राग येणार नाही." मी मनात म्हटलं, ही कसली डॉक्टर? बरं वाटणार नाही म्हणते, आणि वर दुसरीकडे जायलाही मोकळीक देते!

मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

मी बाजूला बघितलं. खरंच बघितलं, माय. बाजूला भिंत होती.

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मी लहानपणापासूनच नाजूक आहे, मॅडम." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझे हात बघितले, पोलवर चढून चढून घट्टे पडलेले. आणि शांतपणे विचारलं, "हे कोण म्हणतं?"

"माय म्हणायची."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते बाहेर पडेल म्हणून मी इतका घाबरलो की तिथंच छाती धडधडायला लागली. मॅडम गडबडल्या नाहीत. "पाय जमिनीवर टेकवा, घाई नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, पाणी पिऊन येतो. पाणी आतच ठेवलेलं होतं. मी बाहेर आलो, वैशालीचा हात धरला आणि सरळ स्टँडवर आलो. गाडीत नांदुऱ्यापर्यंत ती माझा हात धरूनच बसली. मग म्हणाली, "इंजेक्शन देऊन राह्यली होती का ते?" इतक्या दिवसांनी मला हसू आलं.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. पुढच्या गुरुवारी तुमची वेळ ठेवली आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तोंडाशी आलेलं ते वाक्य आता तुलाच सांगतो. मला तुझा राग आलाय.

माझं पोट, बाबांचा गुडघा, वैशालीची कंबर, सगळं तू डॉक्टरला सांगत आलीस. त्याच खुर्चीवर बसून, त्याच डॉक्टरसमोर. तेव्हा तुझ्या छातीत गाठ होती, माय! किती महिने होती? पदराखाली झाकून तू माझ्या अ‍ॅसिडिटीचं सांगत बसलीस. स्वतःचं एकदा तरी सांगायचं होतंस. डॉक्टरला नाही तर मला. का नाही सांगितलंस? मी नाजूक, मला सोसणार नाही, म्हणून? सोसलं नसतं तर नसतं, पण मला कळलं तरी असतं. कळलं तेव्हा अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.

तुझ्या पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदना झाल्यावर, सगळे तुझ्या आठवणीत दोन शब्द बोलले. माउली होती, सगळ्यांचं करायची. खरंच आहे ते. माझी पाळी आली तेव्हा मामा उभा राहिला. "त्याले नाही बोलवत, नाजूक हाय तो," म्हणाला आणि माझ्या वाटचंही बोलून गेला. मी मान खाली घालून बसलो. त्या दिवशी मला रडू येत नव्हतं, चीड येत होती. मेलेल्या आईवर कोणी चिडतं का? ते सांगायचं कोणाला?

भीती तीच आहे. एका परक्या बाईसमोर तुझी तक्रार करायची. तुझ्याबद्दल वाईट बोललो, तर जे थोडंफार तुझं माझ्याजवळ उरलंय तेही जाईल असं वाटतं. आणि नाही बोललो तर मीही तुझ्यासारखाच, झाकून बसणारा. ते पुढं कुठं जातं ते मी अकोल्यात बघून आलोय.

तर ऐक. तू ऐकत नाहीस हे मला कळतं, तरी ऐक. उद्या मी जाईन. वैशाली बाहेर बसेल, मी आत जाऊन दार लावून घेईन. माझी माय माझ्यावर जीव टाकायची हेही सांगीन, आणि मला तिचा राग आलाय हेही सांगीन. छाती धडधडली तर धडधडू दे, पाणी प्यायला उठणार नाही. तू रागावलीस तरी जाईन.

फक्त मी बोलत असताना मधे बोलू नकोस.

तुझा,
राहुल