अनोळखी नंबर

शुगर लँड,
८ मार्च २०२६

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

तुझे अकरा मिस्ड कॉल दिसले. रागावू नकोस बाबा, मला आता फोन उचलवत नाही, म्हणून कागद घेतला. माझ्या परीक्षितला जाऊन उद्या सहा आठवडे होतील. त्याचे स्वेटर कपाटात तसेच आहेत.

डॅलसला ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगून गेलात, आणि तिकडे जपानमध्ये मित्रमित्र स्कीइंग! गेल्या वर्षी पाय मोडल्यावर पुन्हा बर्फावर जाणार नाही असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं, म्हणून ही लबाडी. गधड्यांनो, मी ओरडले असते, फार तर दोन दिवस बोलले नसते.

तो डोंगरावरच गेला, त्याला काही कळलंही नाही, असं तू सांगितलंस. मग त्या संध्याकाळी मी कुकर लावत असताना दोनदा फोन आला, तो कुणाचा? काल पाहिलं, नंबर जपानचा आहे. एकदा फसवलंत, पुरे झालं. खरं काय ते लिही.

तुझी,
नीलांबरीकाकू

बॉथेल,
१५ मार्च २०२६

ती. काकूंना सा. न.

तीन दिवस तुमचं पत्र खिशात घेऊन हिंडतोय.

सकाळच्या पहिल्याच फेरीत परीक्षित हद्दीची दोरी ओलांडून झाडांत शिरला आणि एका झाडावर आदळला. खाली आणलं तेव्हा शुद्धीवर होता. ऑपरेशनला नेण्याआधी त्यानं तुमच्यासाठी फोन मागितला. आमचे फोन लॉकरमध्ये राहिले होते, म्हणून नर्सनं हॉस्पिटलचा दिला. आधी ती मोडक्या इंग्रजीत बोलली, तुम्ही कट केलात. मग तो स्वतः बोलला. माझा मुलगा डॅलसला आहे असं म्हणून तुम्ही तोही कट केलात.

काकू, चूक तुमची नाही. दिवाळीत तुमच्याकडे फराळ करता करता मीच शिकवलं होतं, की मुलाला अ‍ॅक्सिडेंट झालाय असे खोटे फोन येतात, आवाजसुद्धा हुबेहूब काढतात, सरळ कट करायचं. परीक्षितची नक्कल करून तुमच्याकडून प्रॅक्टिसही करून घेतली होती. तुम्हाला त्याचा आवाज ओळखू आला नाही, यात तुमचा काय दोष?

फोन कट झाला तेव्हा तो हसला. आई एकदम पक्की झाली, तिला सांग, असं म्हणाला. ऑपरेशनमधून तो परत आला नाही, आणि मला ते सांगायची हिंमत झाली नाही.

पुढे लोभाचं काही लिहायला हात धजत नाही.

तुमचा,
केदार

शुगर लँड,
२२ मार्च २०२६

चि. केदार यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. आवाज ओळखू आला नाही असं कोण म्हणालं तुला? अरे, आई आहे मी! ‘आई’ म्हणताक्षणी ओळखला होता. मेले किती हुबेहूब काढतात, असं वाटलं फक्त. कशी फसले नाही ते परीक्षित आला की सांगायचं, म्हणून खुशीत होते मी. त्याच्यासाठी बेसन भाजायला घेतलं होतं.

तुझा राग आलाय, फार आलाय. तो जायचा नाही. तरी पत्र टाकत जा, त्याच्याबद्दल बोलायला मला दुसरं कुणी नाही. माया आहे, तीही जायची नाही.

तुझी,
काकू

ता. क. काल धीर करून त्या नंबरवर फोन लावला. एक बाई जपानीत बोलली. मी परीक्षितची आई बोलतेय, असं दोनदा सांगितलं. तिला कळलं नसावं. जरा थांबून तिनं फोन कट केला.