आप्पा उठलेच नाहीत

सोमवार, संध्याकाळ

उद्यापासून बस वस्तीवर थांबणार, तसं पत्र मिळालं. पण डोक्यातून आप्पांची ती पिशवी काही जात नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, अर्जवाले. मांडवगणला कॉलेजला जायची बस आमच्या वस्तीवर थांबावी म्हणून किती वर्षं अर्ज करतायत! प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच त्या पिशवीत. काल मी फटकन बोलले, "आप्पा, तुमच्या कागदांनी काय झालं? आता रस्त्यावरच बसायला पाहिजे." का बोलले मी तसं?

आज आम्ही पोरींनी रास्ता रोको केला, तर आप्पा आले! धुतलेला लेंगा घालून, पिशवी मांडीवर घेऊन, तापलेल्या डांबरावर माझ्याशेजारी बसले.

दुपारी डेपोतले साहेब आले. "उद्यापासून बस थांबेल, शब्द देतो," म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या, घोषणा दिल्या आणि उठलो. मला तर क्रांतीच झाल्यासारखं वाटलं.

आप्पा उठलेच नाहीत.

"उठा की आप्पा, जिंकलो आपण!"

"तू हो म्होरं." मग साहेबांना हात जोडून म्हणाले, "साहेब, तेवढं लिवून द्या. शिक्का मारून. तवर बसतो मी हितंच."

साहेबांचा चेहरा पडला. एवढी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही? मी मुकाट्यानं परत खाली बसले. डांबराचा चटका बसला.

आप्पांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि माझ्या खाली सरकवली.